डावीकडे ओढणारी गाडी

नवी मोटरसायकल घरी येऊन तीन आठवडे झाले होते, तरी काकांचं तिच्याबद्दलचं बोलणं संपत नव्हतं. काका म्हणजे चष्मेवाले काका. गावोगावच्या शाळांमधून आणि कारखान्यांमधून डोळे तपासायचे, घरी येऊन भिंगं घासायची, फ्रेमा जुळवायच्या आणि आठवड्याने तयार चष्मे घेऊन पुन्हा त्याच वाटेने जायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. जुनी गाडी त्या वाटांवर झिजून झिजून शेवटी एका चढावर कायमची बसली, तेव्हा त्यांनी ही घेतली. आणि घेतल्या दिवसापासून रोज जेवताना बायकोला तिची बातमी द्यायचे.

बायकोचं खालच्या मजल्यावर गाद्या, उशा आणि सोफ्याची कव्हरं शिवायचं दुकान होतं. सगळं गिऱ्हाईक तिला मावशी म्हणायचं, म्हणून आपणही मावशीच म्हणू.

"आज गियर जरा मऊ पडला," काका सांगायचे. किंवा, "ब्रेक भलताच तिखट आहे गं, नुसतं बोट लावलं की उभी राहते." किंवा, "सीट मात्र अजून लाकूड आहे. संध्याकाळपर्यंत मागचा भाग माझा आहे की दुसऱ्या कुणाचा, कळत नाही."

"मग परत करा," मावशी म्हणायची.

"परत कशाला? नवी आहे, लाजते अजून. होईल सवय."

सवय कुणाची कुणाला व्हायची, ते काही ते सांगत नसत.

गाडीचे चारशे बारा किलोमीटर झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना शर्टाचं बटण लावता येईना. डावा हात बटणापर्यंत जाईचना. "हात झोपलाय अजून," म्हणून ते हसले. मावशीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, तर हसू एकाच बाजूने येत होतं. हातातली कात्री तिथेच टाकून ती रस्त्यावर धावली आणि समोरून येणारी पहिली गाडी आडवी जाऊन थांबवली. त्या भल्या माणसाने एक प्रश्न न विचारता दोघांना दवाखान्यात पोचवलं. वेळेवर आणलंत, असं तिथले डॉक्टर म्हणाले. वेळेवर आणूनही सात आठवडे गेलेच.

काका घरी आले ते काठी घेऊन. डावा पाय ओढत चालायचा. डावा हात घरात आलेल्या परक्या पाहुण्यासारखा मांडीवर बसून असायचा, काम सांगितलं तर ऐकल्यासारखं करायचा आणि विसरायचा. त्याहून विचित्र म्हणजे, डावीकडचं जगच काकांसाठी पुसट झालं होतं. ताटातलं उजव्या बाजूचं संपवून ते म्हणायचे, "झालं माझं," आणि डावीकडचा घास तसाच राहायचा. दाढी करून यायचे ती उजव्या गालाची. मावशी काही न बोलता ताट फिरवून ठेवायची. दाढीचं मात्र सांगावंच लागायचं.

"डोळे चांगले आहेत त्यांचे," व्यायाम करून घेणारी बाई म्हणाली होती. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला तिचं केंद्र होतं. "दिसतं सगळं, फक्त डावीकडे लक्ष जात नाही. आणि कलले तरी त्यांना ते कळत नाही. तुम्ही सारखं डावीकडे बघायला लावा. आणि आठवड्यातून तीनदा इथे या. चुकवू नका."

तीनदा यायचं म्हणजे दोन बस बदलायच्या आणि उंच पायऱ्या चढायच्या, वर मागचे लोक "चला, चला" करणार. पहिल्याच दिवशी काकांचा पाय पायरीवर अडकला. ड्रायव्हर काही वाईट बोलला नाही, नुसता घड्याळाकडे बघत राहिला, पण काकांना ते लागलं. पुढच्या वेळी म्हणाले, "आज नको, बरं वाटत नाही." त्याच्या पुढच्या वेळीही बरं वाटत नव्हतं.

मोटरसायकल जिन्याखाली उभी होती. मावशीने जाड कापडाचं कव्हर शिवून तिच्यावर घातलं होतं, थोडं धूळ बसू नये म्हणून आणि थोडं काकांना दिसू नये म्हणून.

"आई, विकून टाक ती," दूरच्या शहरातून लेक फोनवर म्हणाली. "बाबा आता चालवणार थोडेच? समोर उभी राहिली की त्यांना त्रासच."

लेकीचं म्हणणं खोटं नव्हतं. मावशीने गिऱ्हाइकांमध्ये शब्द टाकला आणि एका रविवारी एक तरणाबांड गवंडी गाडी बघायला आला. कव्हर काढलं, तर गाडी जशीच्या तशी लखलखीत. त्याने फेरी मारायला गाडी चालू केली, आणि वरून खिडकीतून आवाज आला,

"क्लच हळू सोडा! नवी आहे अजून."

गवंड्याने वर बघून मान डोलावली आणि झटका देत गाडी बाहेर काढली. मावशी वर पाहत होती. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत काकांची मान तिच्या मागे गेली. मग ती गाडी त्यांच्या डावीकडे गेली. काकांनी आपणहून, कुणी न सांगता, मान डावीकडे वळवली आणि आवाज पार विरेपर्यंत तशीच ठेवली.

घरी आल्यापासून महिनाभर मावशी त्यांना डावीकडे बघा, डावीकडे बघा म्हणून दमली होती.

गवंडी परत आला. "गाडी झकास आहे. घेतो मी."

"द्यायची नाही," मावशी म्हणाली.

"अहो, तुम्हीच तर बोलावलंत!"

"बोलावलं खरं. तुमचा रविवार मोडला, माफ करा. पण द्यायची नाही."

"मग चालवणार कोण?"

"मी," मावशी म्हणाली, आणि गवंड्यापेक्षा तीच जास्त दचकली. वय चोपन्न. आजवर दोन चाकांचं तिने काही चालवलं असेल तर ती लहानपणी भावाची सायकल.

शिकवणी सुरू झाली सकाळी उजाडल्यावर, मागच्या लाकडाच्या वखारीच्या आवारात. वखार आठला उघडायची, तोवर तिथे चिटपाखरू नसे. काका घडीची खुर्ची टाकून मधोमध बसायचे, काठी हातात, आणि मावशी त्यांच्याभोवती घिरट्या घालायची. निदान घालायचा प्रयत्न करायची. पहिल्या दिवशी गाडी अकरा वेळा बंद पडली. बाराव्या वेळी उडी मारून सुटली ती थेट भुशाच्या ढिगात.

"लागलं का?" काका अर्धे उठले होते.

"मला नाही. भुशाला विचारा."

काका हसले. हसू अजून थोडं एका बाजूनेच येत होतं, पण आलं. किती दिवसांनी आलं होतं!

क्लच काही मावशीला जमेना. काका परोपरीने सांगत होते, "अर्ध्यात धर. अगं, सोडायचाही नाही आणि दाबायचाही नाही. मधे एक जागा असते, तिथे गाडी कुजबुजते, ती ऐक." मावशीला काही कुजबुज ऐकू येत नव्हती. कानात स्वतःच्या काळजाचे ठोके तेवढे ऐकू येत होते. चौथ्या दिवशी वैतागून काका म्हणाले, "हे बघ, जाड कापडाच्या चार घड्यांवरून शिवण न्यायची असते तेव्हा मशीनवर पाय कसा ठेवतेस?"

मावशीने विचार केला. खरं तर विचार करायची ती गोष्टच नव्हती, चाळीस वर्षं पाय आपोआप करत होता. सुई घड्यांपाशी आली की पाय जरासा उचलायचा, थांबवायचा नाही, सुईला एकेक टाका चढू द्यायचा, पलीकडे उतरली की पुन्हा दाबायचा. तिने तोच विचार पायातून हातात आणला आणि क्लच सोडत गेली. हाताखाली काहीतरी किंचित थरथरलं, आणि गाडी सुईसारखी अल्लद पुढे निघाली.

"आली!" काका ओरडले. "आली, आली! आता दुसरा टाक!"

दुसरा गियर टाकायचं ती साफ विसरली, पण आवाराला पूर्ण फेरी घालून आली.

दीड महिन्याने परवान्याची परीक्षा झाली. ती एकदा नापास झाली, कारण वळताना तिने इशाऱ्याचा दिवा लावण्याऐवजी हॉर्न वाजवला आणि परीक्षक उडी मारून बाजूला झाला. दुसऱ्यांदा पास झाली. लेक फोनवर आधी रागावली, मग रडली, मग म्हणाली, "हेल्मेट घालता ना दोघं?"

घालत होते. काकांच्या हनुवटीखालचा पट्टा मावशीच लावायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कानामागे चष्म्याच्या काड्या बसवणाऱ्या माणसाला आपल्या गळ्याशी कुणी हात लावलेला सोसायचा नाही. ते आभाळाकडे बघत उभे राहायचे. "झालं का?" "हलू नका." "गळा आवळतेस की काय?" "आज नाही."

काकांना मागे बसवणं ही वेगळीच कसरत होती. व्यायामवाल्या बाईने आधी कानांवर हात ठेवले. मग काकांचा तोल तीनतीनदा तपासला आणि पट्टा बांधल्याशिवाय बसायचं नाही, अशी अट घातली. मावशीने रुंद पट्टा शिवला, काकांच्या पाठीमागून येऊन तिच्या पोटावर चाप लागणारा. गाडी जिन्याच्या पायरीला भिडवायची, मावशीने पुढे बसून दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवायचे. मग काकांनी पायरीवरून आधी एका अंगाने सीटवर टेकायचं. मावशीने टाकीवर ओणवं व्हायचं. काकांनी उजव्या हाताने डाव्या पायाची पँट धरून तो पाय मधल्या फटीतून पलीकडे टाकायचा.

"बसलात?"

"बसलो. आता इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पळून जायची सोय राहिली नाही."

"कुणाला, तुम्हाला की मला?"

पहिल्या दिवशी मावशीने वीसच्या वर काटा नेला नाही. सायकलवाले मागून येऊन पुढे निघून गेले. पण केंद्रात पोचल्यावर काका पायरीवर उतरले आणि हेल्मेट निघायच्या आत म्हणाले, "परवा किती वाजता निघायचं?"

मावशीचा जीव भांड्यात पडला.

पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. गाडी डावीकडे ओढत होती. सरळ रस्त्यावरसुद्धा हँडलला सारखा उजवीकडे धीर द्यावा लागायचा. वळणावर तर डावीकडे गाडी आपसूक पडायची आणि उजवीकडे वळायला नको म्हणायची. तिला वाटलं, आपलंच चुकत असेल. मग वाटलं, भुशात घातली तेव्हा काहीतरी वाकलं. एका दुपारी ती एकटी गाडी घेऊन मेकॅनिककडे गेली.

त्याने चाकं बघितली, दोरी लावून मापं घेतली, लांब फेरी मारून आला. "मावशी, सरळ आहे गाडी. हात सोडला तरी सरळ जाते."

"ओढते हो. डावीकडे."

"इथे येताना ओढली?"

मावशीने आठवून पाहिलं. इथे येताना नव्हती ओढली.

त्याच आठवड्यात केंद्राकडे जाताना ते एका चौकात लाल दिव्यापाशी थांबले. बाजूला फर्निचरच्या दुकानाची मोठी काच होती. मावशीने सहज तिकडे बघितलं आणि तिला काचेत ते दोघं दिसले. पुढे ती, खांदे ताठ, दात आवळलेले. मागे काका, भिंतीवरची तसबीर खिळ्यावरून सरकावी तसे डावीकडे कललेले. चांगले वीतभर. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. हेल्मेटच्या काचेआड त्यांचा चेहरा शांत होता. कपाळावर गेल्या काही महिन्यांत पडलेली आठी नव्हती. सुट्टीच्या दिवशी कुठेतरी निघालेल्या माणसासारखे ते रस्त्याच्या पलीकडे बघत होते.

"सरळ बसा," एवढं म्हटलं की काम झालं असतं. तिने ओठ उघडलेही. पण घरात दिवसभर तेच तर चाललेलं असायचं. काठी सरळ धरा, डावीकडे बघा, दाढी राहिली, बाही उलटी आहे, घास राहिला. या गाडीवरचा अर्धा तास तेवढा असा होता की त्यात काकांचं काही चुकत नव्हतं. दिवा हिरवा झाला. मावशीने हँडलला उजवीकडे धीर दिला, आपलं अंगही जरा उजवीकडे झुकवलं आणि निघाली.

दोन महिने ती तशीच चालवत राहिली. डाव्या-उजव्या वजनाचा हिशेब तिच्या अंगात इतका मुरला, की रात्री अंथरुणावरही ती उजव्या कुशीवर कललेली असायची. पण पाठ दुखायला लागली. मग तिला वाटलं, आपण चाळीस वर्षं ज्याचं काम करतो ते इथे का करू नये? लोकांच्या वाकड्या पाठींसाठी खुर्च्या भरून दिल्याच की.

काका दुपारचे झोपले होते. मावशीने किल्लीने सीट काढली आणि दुकानात कापायच्या टेबलावर उलटी ठेवली. कडेच्या पिना एकेक करून उपसल्या, रेक्झिन सोलून काढलं. आतला फोम बघून तिने नाक मुरडलं. एकाच जातीचा, एकाच जाडीचा, कुणासाठीच न बनवलेला. "लाकूडच आहे," ती स्वतःशी म्हणाली. मागच्या भागाचा वरचा थर तिने करवतीने काढून टाकला. खाली कडक फोम घेतला, वर मऊ. मग डाव्या कडेला, मांडी टेकते तिथे, कडक फोमची लांबट पट्टी चिकटवून ती तासली, हात फिरवला, पुन्हा तासली. उंची दोन बोटं, त्याहून जास्त नाही. बाहेरून बघणाऱ्याला दिसू नये, फक्त बसणाऱ्याच्या अंगाला लागावी. वरचं रेक्झिन ताणून पिना मारल्या, तेव्हा कुणी म्हटलंही नसतं की सीट उघडली होती.

"सीट लाकूड म्हणत होतात ना?" दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं. "मऊ केली बघा."

काका बसले. थोडे हलले. "बरी आहे," एवढंच म्हणाले.

चौकातल्या काचेत मावशीने हळूच पाहिलं. तसबीर सरळ झाली होती. अगदी काटकोनात नाही, पण घरात कुणी लावलेली चालेल इतकी. आणि गाडी रस्त्यावरून अशी गेली, जशी ती मेकॅनिककडे जाताना एकटीच्या हातात गेली होती.

यानंतर तीन-चार आठवड्यांनी, एका गुरुवारी, केंद्राचं वळण आलं तेव्हा काकांनी तिच्या खांद्यावर उजव्या हाताने टिचकी मारली. "सरळ घे."

"अहो, वळायचंय."

"माहीत आहे कुठे वळायचंय ते. सरळ घे."

मावशीने सरळ घेतली. घरं विरळ झाली, मग झाडं लागली, आणि रस्ता चढत चढत एका तलावाच्या बांधावर आला. तिथे पाण्याच्या बाजूने दगडी कठडा होता. गाडी कठड्याला भिडवून काका उतरले. हल्ली ते पाय बराचसा स्वतःच काढत. दोघं कठड्यावर बसले. वारा बरा होता. पाण्यात कुणीतरी लांबवर नाव वल्हवत होतं.

"शाळांकडे जाताना डबा इथे खायचो मी," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने, "डाव्या बाजूला जरा जास्तच भरलं आहेस."

मावशी पाण्याकडेच बघत राहिली. "काय?"

"सीट. दोन बोटं."

"तुम्हाला कळतं? बाई तर म्हणाली होती, कललं तरी तुम्हाला कळत नाही."

"ते नाहीच कळत. अजूनही नाही कळत." काकांनी काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली. "पण मागे बसून मला दुसरं दिसतं काय? तुझी पाठ. दोन महिने तुझा उजवा खांदा खाली होता. मला वाटलं, शिवणकामाने हिची पाठ गेली. रोज वाटायचं विचारावं. मग एक दिवस सीट मऊ झाली आणि खांदा आपोआप वर आला." ते थांबले. "तेव्हा समजलं, वाकडं कोण होतं ते."

"मग बोलला का नाहीत?" मावशीने विचारलं.

"तू नाही बोललीस, म्हणून मीही नाही."

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलं ना," काका म्हणाले. "एक दिवस वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, माझ्या मापाचं कुणी कधी काही बनवलंच नव्हतं. मीच आपला लोकांच्या नाकाची मापं घेत फिरलो." मग एकदम त्यांनी तिचा हात ओढून मांडीवर घेतला आणि मनगट दाबलं. ती कळवळली.

"हे किती दिवस दुखतंय?"

"गाडी चालवून होतं थोडं. काही नाही."

"काही नाही कसं? मघापासून बघतोय, थांबलीस की हात झटकतेस. चल, बस गाडीवर."

मावशी बसली. काका काठी टेकत पुढे येऊन उभे राहिले, चष्मा लावून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर उभे राहायचे तसेच, मान किंचित तिरकी करून.

"डोळे मीट. खांदे सोड. सोड म्हणतो ना! आता हात पुढे कर. हँडल शोधायचं नाही, हात जिथे जातील तिथे जाऊ देत."

मावशीने डोळे मिटून हात पुढे केले आणि मग उघडून बघितलं. तिचे हात हवेत होते, हँडलच्या मुठी तिथून चार बोटं पुढे आणि जरा खाली.

"माझ्या हातांचं माप आहे ते," काका म्हणाले. "तू इतके दिवस माझ्या हातांनी चालवत होतीस. सीटखालचं हत्यारांचं पाकीट काढ."

हँडल धरून ठेवणारे चार बोल्ट होते. काकांचा उजवा हात तसाच पक्का होता, पण एका हाताने हँडल धरून दुसऱ्याने पाना फिरवायचा, तर दुसरा हात कुठे होता? मावशीने हँडल धरलं. काकांनी पहिला बोल्ट सैल केला, काढला आणि इकडेतिकडे बघितलं. ठेवायला जागा नव्हती, कठड्यावर ठेवला तर घरंगळून पाण्यात जाणार.

"इथे ठेवा," म्हणून मावशीने त्यांचा डावा हात उताणा करून टाकीवर टेकवला.

काकांनी हाताकडे पाहिलं. मग बोल्ट त्या तळहातावर ठेवला आणि बोटं मिटायची वाट बघत राहिले. करंगळी आधी हलली. मग बाकीची, एकामागून एक, सावकाश, आणि मूठ मिटली. घट्ट नाही, पण मिटली. दुसऱ्या बोल्टच्या वेळी त्यांनी ती पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. तिसऱ्या वेळी त्यांचं लक्ष उजव्या हाताकडे गेलं आणि डावी मूठ ढिली पडायला लागली. मावशी बघत राहिली, पण "डावीकडे बघा" म्हणाली नाही. काकांनी आपणहून नजर तिकडे नेली आणि बोटं सावरली.

चारही बोल्ट हातात आल्यावर त्यांनी हँडल उजव्या हाताने मागे ओढलं, तिचे हात ठेवायला लावले, पुन्हा डोळे मिटायला लावले, केसभर वर घेतलं, केसभर खाली. "आता? आणि आता?" भिंगं बदलताना विचारायचे त्याच सुरात. "पहिलं बरं की हे?"

"हे."

"मनगट?"

"दुखत नाही."

"खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको."

"मघाचंच बरं होतं," मावशी कबूल झाली, आणि दोघंही हसत सुटले. पुन्हा मघाच्यासारखं केलं. चारही बोल्ट त्यांच्या डाव्या मुठीतून एकेक करून परत गेले. आवळून झाल्यावर काका घामाघूम होऊन कठड्यावर बसले आणि तळहाताकडे बघत राहिले. त्यावर तेलाचे चार काळे डाग होते.

परत येताना मावशीने चाळीसपर्यंत काटा नेला. खांदे तिने आवळले नव्हते, ते आपसूक खाली उतरले होते. मागून काकांचं वजन पट्ट्यातून तिच्या पाठीवर टेकलेलं होतं, आणि उतारावर ते काहीतरी गुणगुणत होते.

केंद्राच्या वळणाजवळ खिशात फोन वाजला. मावशीने गाडी कडेला घेतली. व्यायामवाली बाई होती, आणि चिडलेली होती.

"आज आला नाहीत! मी म्हटलं होतं ना, एकही दिवस चुकवायचा नाही? व्यायाम कोण करणार?"

मावशीने फोन मागे दिला. काकांनी तो सवयीने उजव्या हातात घेतला. मग विचार करून कानाशी धरायला डाव्या हातात द्यायला गेले, तो काही तिथवर पोचला नाही. फोन परत उजव्या हातात आला.

"झाला की व्यायाम," ते म्हणाले. "बोल्ट आवळले. नाही, नाही, माझे नाही हो, गाडीचे. चार. एकही सांडला नाही. थांबा, बायकोला विचारा, ती साक्षीला आहे."